उतरणाऱ्या विमानाची चूक नेमकी कोठे होते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून वैमानिक-प्रशिक्षणाची छोटी विमाने उडू लागल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत विमानांविषयीच्या प्रश्नांची बरीच भर पडली आहे. त्यांतली बहुतेक पत्रे सांबरा, बाळेकुंद्री, मुतगे या परिसरातली असली, तरी निपाणी, चिकोडी आणि खानापूरकडूनही काही आली आहेत. विमान उतरवताना वैमानिकाच्या हातून होणाऱ्या चुका आणि त्यांतून घडणारे अपघात, एवढ्याच विषयावरचे प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. मोठ्या प्रवासी विमानांचे गणित निराळे असल्याने येथील उत्तरे मुख्यतः दोन किंवा चार आसनांच्या, एका इंजिनाच्या विमानांपुरती समजावीत.

प्रश्न : आमचे शेत सांबरा विमानतळाच्या कुंपणापासून फार दूर नाही. शिकाऊ विमान धावपट्टीला टेकणार असे वाटत असतानाच अचानक इंजिनाचा आवाज वाढतो आणि ते पुन्हा वर निघून जाते. एका सकाळी असे कितीतरी वेळा होते. शिकणाऱ्या मुलांना विमान उतरवता येत नाही, म्हणून असे होते काय? एखादे दिवशी ते आमच्या शिवारात कोसळेल, अशी धास्ती घरातल्या माणसांनी घेतली आहे.
(एक शेतकरी वाचक, सांबरा)

उत्तर : आपण पाहता त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत विमानाची चाके धावपट्टीला टेकतात, क्षणभर विमान धावते आणि तसेच पुन्हा उडते. हा ‘टच अँड गो’ नावाचा सराव आहे. विद्यार्थी जमिनीपासून सुमारे १,००० फूट उंचीवर विमानतळाभोवती आयताकार फेरी मारतो, उतरतो, उडतो आणि पुन्हा फेरीला लागतो. दुसरीत मात्र विमान टेकतच नाही. टेकण्यापूर्वीच वैमानिक उतरण्याचा बेत सोडून देतो आणि पूर्ण शक्ती लावून वर जातो. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. आपल्याला नापासाचा शेरा वाटतो तो हाच प्रकार. माझ्या मते मात्र शिकाऊ वैमानिकाच्या हातून घडणाऱ्या कृतींत याहून अधिक शहाणपणाची कृती क्वचितच असेल.

असे म्हणण्याचे कारण असे की विमान उतरवतानाचा अपघात दिसतो धावपट्टीवर, पण त्याची पायाभरणी बहुधा मिनिटभर आधी, हवेतच झालेली असते. विमान धावपट्टीच्या रेषेत आहे, वेग ठरलेल्या आकड्याच्या जवळ आहे, खाली येण्याचा दर एकसारखा आहे आणि फ्लॅप, म्हणजे कमी वेगातही उचल मिळावी म्हणून पंखांच्या मागच्या कडेला उघडायच्या पट्ट्या, योग्य प्रमाणात उघडलेले आहेत, या चारही गोष्टी जमिनीपासून साधारण ५०० फुटांवर जुळलेल्या असल्या पाहिजेत, असा दंडक बहुतेक प्रशिक्षणात शिकवला जातो. काही ठिकाणी हलक्या विमानांसाठी ३०० फुटांची मर्यादा धरतात. यांपैकी एक जरी जुळली नसेल, तर पुढच्या काही सेकंदांत ती जुळवण्याची खटपट न करता वर जावे, हा सरळ नियम आहे. तो मोडला जातो, तो ज्ञान कमी असल्यामुळे नव्हे. खाली प्रशिक्षक उभे राहून पाहत आहेत, मागे दुसरे विमान उतरण्यासाठी थांबले आहे, मागच्या फेरीतही वर जावे लागले होते, आणि ‘एवढे आले आहे तर जमून जाईल’ असे मन सांगत असते.

वेगाचा हिशेब येथे विशेष महत्त्वाचा आहे. सेसना १७२ हे चार आसनी विमान धावपट्टीवर येताना सुमारे ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगाने आणतात. विद्यार्थ्याने भीतीपोटी तोच वेग ७५ नॉट ठेवला, तर वाढ दहाच नॉटांची दिसते; परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने विमानाला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. असे विमान धावपट्टीवर आले तरी खाली बसत नाही, काही फुटांवर तरंगत राहते. सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर लांब आहे आणि या विमानाला ५० फुटांच्या अडथळ्यावरून येऊन थांबायला समुद्रसपाटीवर चारशे मीटरच्या आसपास अंतर पुरते, त्यामुळे येथे ही चूक खपून जाते. ते खपून जाणेच मला धोक्याचे वाटते. लांब धावपट्टीवर वाढीव वेगाची सवय लागलेला विद्यार्थी पुढे एखाद्या आखूड पट्टीवर गेला, की अर्धी पट्टी तरंगण्यात संपते आणि उरलेल्या अर्ध्या पट्टीत ब्रेक पुरत नाहीत.

गो-अराउंड ही कृतीसुद्धा आयती साधत नाही. इंजिनाला एकदम पूर्ण शक्ती दिली, की उतरण्यासाठी जुळवलेल्या ट्रिममुळे (नाकाचा कोन हाताने दाबून न धरता राखणाऱ्या जुळणीमुळे) नाक जोराने वर उसळू पाहते आणि विमान डावीकडे ओढले जाते. ते उजव्या रडरने, म्हणजे पायाने चालणाऱ्या शेपटीवरच्या सुकाणूने, सावरावे लागते आणि फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटावे लागतात. घाईत सगळे फ्लॅप एकदम मिटले, तर पंखांची उचल घटून विमान खाली बसते. आपल्या शेतावरून ऐकू येणारा तो वाढता आवाज म्हणजे या साऱ्याचा सराव आहे, असे घरातल्या माणसांना खुशाल सांगावे.

प्रश्न : माझी मुलगी परगावी वैमानिक-प्रशिक्षण घेत आहे. तिच्यासोबतच्या एका मुलाचे विमान एकट्याने उतरताना धावपट्टीवर दोन-तीन वेळा उसळले, पुढचे चाक मोडले आणि प्रॉपेलर जमिनीला घासला. मुलगा सुखरूप आहे, पण तेव्हापासून मुलगी धास्तावली आहे. विमान आधी टेकले होते, मग ते मोडले कसे? आणि अशी चूक झालेल्याचे भवितव्य काय?
(एक पालक, निपाणी)

उत्तर : आपल्या पत्रात वर्णन केलेला अपघात हलक्या विमानांच्या जगात अतिशय परिचित आहे. विमान मोडते, विमा कंपनीचे नुकसान होते, विद्यार्थ्याची झोप उडते, पण आतली माणसे बहुधा चालत बाहेर येतात. उतरतानाचे अपघात संख्येने पुष्कळ आणि जीवितहानीच्या मानाने थोडे, हे चित्र हलकी विमाने मोठ्या संख्येने उडणाऱ्या अमेरिकेसारख्या देशात वर्षानुवर्षे दिसत आले आहे. म्हणून प्रथम मुलीला धीर द्यावा.

आता टेकलेले विमान मोडते कसे, ते पाहू. या विमानांची मागची दोन मुख्य चाके दणका सोसण्यासाठी घडवलेली असतात. पुढचे चाक मात्र मुख्यतः दिशा देण्यासाठी असते आणि त्याचा पाय तुलनेने नाजूक असतो. म्हणून जमिनीलगत आल्यावर नाक हळूहळू उचलत न्यायचे, वेग आपोआप घटू द्यायचा आणि मुख्य चाके आधी टेकवायची, अशी रीत आहे. या नाक उचलण्याला ‘फ्लेअर’ म्हणतात, आणि विद्यार्थ्याचा सर्वांत जास्त घाम याच पाच-सहा सेकंदांत निघतो. वेग जास्त असला, तर फ्लेअर करताच विमान खाली बसण्याऐवजी वर उठते. विद्यार्थी घाबरून नाक खाली दाबतो आणि पुढचे चाक आधी आपटते. आपटताच नाक वर फेकले जाते, पंखांचा वाऱ्याशी होणारा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत उठते, या वेळी पहिल्यापेक्षा कमी वेगाने.

खरी चूक येथे होते. विमान वर उठलेले पाहून विद्यार्थी पुन्हा नाक वर-खाली करणारा दांडा पुढे लोटतो. पण त्याचा हात हलेपर्यंत विमान आपणहून खाली यायला लागलेले असते, त्यामुळे त्याचा दाब विमानाच्या खाली येण्यात मिसळतो. मग तो घाईने दांडा मागे ओढतो, तेव्हा विमान आधीच उसळलेले असते. माणसाची प्रतिक्रिया आणि विमानाची हालचाल यांचा ताल असा उलटा पडत गेला, की प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा उंच आणि प्रत्येक आपटणे आधीच्यापेक्षा उभे होते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पुढच्या चाकाचा पाय मोडतो, प्रॉपेलर जमिनीला लागतो, आणि फिरते इंजिन असे अचानक अडल्यामुळे पाते थोडेच वाकलेले दिसले तरी संपूर्ण इंजिन उघडून तपासावे लागते.

उपाय मात्र साधा आहे, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितलेला असतो. उसळी लहान असेल, तर नाक उतरतानाच्या कोनातच धरून ठेवावे, हवी तर किंचित शक्ती द्यावी आणि विमानाला पुन्हा टेकू द्यावे. उसळी मोठी असेल, तर पूर्ण शक्ती देऊन वर जावे. पहिल्या उसळीनंतर काय करायचे, हे उतरण्यापूर्वीच ठरवून ठेवले नसेल, तर त्या दोन सेकंदांत ठरवता येत नाही. मुलीला आपण एवढेच विचारावे की, प्रत्येक फेरीत अंतिम टप्प्यावर वळल्यानंतर ‘जमले नाही तर मी वर जाणार’ असे ती मोठ्याने म्हणते का. काही प्रशिक्षक हे म्हणायला लावतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

त्या मुलाच्या भवितव्याविषयी : अशा एका घटनेने कोणाचे वैमानिक होणे थांबते असे नाही. चौकशी होते, प्रशिक्षकाबरोबर पुन्हा काही उड्डाणे करावी लागतात, तपासणी होते आणि मग एकट्याचे उड्डाण पुन्हा सुरू होते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. एवढ्या तासांत एकही वाईट उतरणे न झालेला विद्यार्थी मला तरी भेटलेला नाही. मात्र त्या मुलाला एकट्याने पाठवण्यापूर्वी उसळीतून सावरण्याचा सराव पुरेसा करून घेतला होता काय, हा प्रश्न प्रशिक्षण देणाऱ्यांनाही विचारला गेला पाहिजे.

प्रश्न : मी बेळगावात यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उतरताना विमानाचा वेग आणि उंची दोन्ही कमी असतात, तरीही काही अपघातांत विमान धावपट्टीपर्यंत पोहोचण्याआधीच वळताना सरळ नाकावर कोसळते असे वाचले. इंजिन चालू असताना असे का व्हावे?
(एक विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : उतरतानाच्या अपघातांतला जीवघेणा प्रकार हाच आहे, आणि आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी असल्याने त्याचे उत्तर आकड्यांतून देता येईल.

पंखाला उचल मिळते ती हवा त्याच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहते तोपर्यंत. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी असलेला कोन एका मर्यादेपलीकडे गेला, की तो प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात, आणि इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. सेसना १७२ पूर्ण फ्लॅप उघडून सरळ उडत असताना सुमारे ४८ नॉटांना स्टॉल होते. पण विमान तिरके करून उंची राखत वळले, तर पंखांना विमानाच्या वजनापेक्षा अधिक भार पेलावा लागतो आणि स्टॉलचा वेग त्या भाराच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. ३० अंशांच्या कलात तो सुमारे ७ टक्क्यांनी वाढून ५१ नॉट होतो, ४५ अंशांत १९ टक्क्यांनी वाढून ५७ होतो, आणि ६० अंशांत भार दुप्पट झाल्यामुळे ४१ टक्क्यांनी वाढून ६८ नॉटांवर जातो. उतरण्याचा वेग ६५ नॉट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचे सांगायला नको.

आता हे प्रत्यक्षात कसे घडते? विमान धावपट्टीला काटकोनात उडत असते, या टप्प्याला ‘बेस लेग’ म्हणतात, आणि तेथून ९० अंशांत वळून त्याला धावपट्टीच्या रेषेत, म्हणजे ‘फायनल’वर यायचे असते. ही वळणाची जागा जमिनीपासून साधारण ५०० फुटांवर येते. बेस लेगवर वारा पाठीमागून असेल, तर विमान अपेक्षेपेक्षा वेगाने पुढे सरकते आणि धावपट्टीची रेषा ओलांडून जाते. विद्यार्थ्याला ते दिसते. जमीन जवळ असल्याने विमान अधिक तिरके करण्याची त्याला भीती वाटते, म्हणून तो कल तसाच ठेवून आतल्या बाजूचा रडर दाबतो, जेणेकरून नाक धावपट्टीकडे वळावे. रडर दाबताच बाहेरचा पंख वेगाने पुढे जातो, आतला मागे पडतो, कल आपोआप वाढतो. तो थोपवण्यासाठी विद्यार्थी एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखांवरची पट्टी) उलटा फिरवतो, आणि नाक खाली जाते म्हणून दांडा मागे ओढतो. आतल्या पंखाचा कोन या प्रत्येक कृतीने वाढत गेलेला असतो. तो पंख आधी स्टॉल होतो, विमान त्या बाजूला गिरकी घेते आणि नाक जमिनीकडे जाते. हीच गिरकी ४,००० फुटांवर आली असती, तर शिकवलेल्या रीतीने विमान सावरता आले असते. ५०० फुटांवर तेवढी उंचीच नसते.

यांतली प्रत्येक कृती त्या क्षणी विद्यार्थ्याला बरोबर वाटलेली असते, ही या अपघाताची खास गोष्ट आहे. रेषा ओलांडली तर ती ओलांडू द्यावी, कल ३० अंशांपलीकडे नेऊ नये आणि वर जाऊन पुन्हा फेरी घ्यावी, एवढेच त्याचे उत्तर आहे. बेस लेगवर वाऱ्याने ढकलले जात असल्याचे आधीच ओळखून वळायला थोडे लवकर सुरुवात करणारा वैमानिक तर या पेचात सापडतच नाही.

प्रश्न : आमच्याकडे घाटावरून येणारा पावसाळी वारा आणि बेळगावचा एप्रिल-मे मधला उन्हाळा, यांपैकी शिकाऊ विमानांना जास्त त्रास कशाचा? हवामानामुळे झालेल्या अपघातालाही वैमानिकाचीच चूक म्हणतात का?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : दोन्हींचा त्रास आहे, पण तऱ्हा वेगळी आहे. सांबऱ्याच्या धावपट्टीचे क्रमांक ०८ आणि २६ आहेत, म्हणजे ती साधारण पूर्व-पश्चिम आहे. २६ म्हणजे होकायंत्रावर सुमारे २६० अंश. पावसाळ्यातला वारा मुख्यतः पश्चिमेकडून येत असल्याने तो बहुधा विमानाच्या समोरून मिळतो, ही सोयीची गोष्ट आहे. परंतु तो नैर्ऋत्येकडे सरकून २२० अंशांवरून २० नॉट वेगाने वाहू लागला, तर धावपट्टीशी ४० अंशांचा कोन होतो आणि आडव्या वाऱ्याचा भाग सुमारे १३ नॉट भरतो. सेसना १७२च्या नव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत चाचणीत दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉटांचा आहे. तो चाचणी-वैमानिकाने दाखवलेला आहे, हे विसरता कामा नये. एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मर्यादा यापेक्षा बरीच खाली ठेवतात. आडव्या वाऱ्यात चाके टेकल्यावर ‘झाले एकदाचे’ म्हणून हातपाय ढिले सोडणे ही नेहमीची चूक आहे. शेपटीवर वारा आदळून विमान वाऱ्याकडे नाक वळवते आणि धावपट्टीच्या कडेच्या चिखलात शिरते. विमान पूर्ण थांबेपर्यंत एलेरॉन वाऱ्याच्या बाजूला आणि पाय रडरवर ठेवावेच लागतात.

उन्हाळ्याची फसवणूक अधिक सूक्ष्म आहे. सांबऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर, म्हणजे जवळजवळ २,५०० फूट उंच आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३७ अंशांवर गेला, की तेथील हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ते सुमारे ५,७०० फुटांवर उडण्यासारखे असते. अशा हवेत वेगमापकाने ६५ नॉट दाखवले, तरी खरा वेग ७१च्या आसपास असतो. विद्यार्थ्याला जमीन नेहमीपेक्षा झपाट्याने मागे पळताना दिसते, आपण फार वेगात आहोत असे वाटते आणि तो डोळ्यांवर विसंबून वेग कमी करतो. पंखाला मात्र मापकावरचाच वेग कळतो, आणि तो कमी पडतो. शिवाय वर जाण्याची वेळ आली, तर इंजिनाची ताकद घटलेली असल्याने विमान संथ चढते. त्यात भर म्हणजे नांगरलेल्या काळ्या रानावर तापलेली हवा विमानाला उचलते आणि लगेच पुढे हिरव्या उसावर ते खाली बसते. या कारणांमुळे उन्हाळ्यात शिकाऊ उड्डाणांसाठी सकाळची वेळ चांगली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : वारा कोणाच्या हाती नाही, पण त्या वाऱ्यात उतरायचे की नाही, हा निर्णय माणसाचा आहे. म्हणून अहवालांत हवामान हे पुष्कळदा सहकारण म्हणून येते आणि निर्णय हे मुख्य कारण म्हणून.

प्रश्न : चाके बाहेर काढायला विसरून विमान पोटावर उतरवल्याच्या बातम्या खऱ्या असतात काय?
(एक वाचक, चिकोडी)

उत्तर : खऱ्या असतात. प्राथमिक प्रशिक्षणाच्या बहुतेक विमानांची चाके कायम बाहेरच असतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही. पुढे दोन इंजिनांच्या विमानावर गेल्यावर चाके आत घेता येतात आणि विसरण्याची सोयही होते. तपासयादी वाचत असताना मध्येच रेडिओवर कोणी बोलले, की तेवढी एक ओळ सुटते. चाके बाहेर नसताना इंजिनाची शक्ती कमी केली, तर भोंगा वाजतो. तरीही उतरण्याच्या नादात तो कानांवर पडूनही न ऐकलेले वैमानिक आहेत.

प्रश्न : एखादा अपघात झाला, की दुसऱ्याच दिवशी ‘वैमानिकाची चूक’ असे छापून येते. मृत किंवा जखमी वैमानिक उत्तर देऊ शकत नाही. हा अन्याय नाही काय?
(एक निवृत्त शिक्षक, बेळगाव)

उत्तर : दुसऱ्या दिवशी तसे छापणे अन्यायाचेच आहे, कारण दुसऱ्या दिवशी ते कोणालाच ठाऊक नसते. भारतात विमान अपघातांचा तपास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन असलेला, एएआयबी या नावाने ओळखला जाणारा विभाग करतो. तो २०१२ साली स्थापन झाला. त्याच्या नियमांचा पाया म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या १९४४च्या शिकागो कराराचे तेरावे परिशिष्ट, आणि त्यात स्पष्ट म्हटले आहे की तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, कोणावर दोष किंवा जबाबदारी टाकणे हा नव्हे. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि शक्य असल्यास अंतिम अहवाल १२ महिन्यांत द्यावा, असा संकेत आहे.

तरीही हलक्या विमानांच्या उतरतानाच्या अपघातांत बहुसंख्य वेळा कारण वैमानिकाच्या कृतीतच सापडते, हेही मान्य केले पाहिजे. यंत्राच्या बिघाडाचा वाटा तेथे लहान आहे. वाद आहे तो पुढच्या पायरीचा. ‘वेग जास्त होता, उसळीनंतर नाक दाबले’ हे लिहून अहवाल थांबला, तर त्यातून कोणीही काही शिकत नाही. प्रशिक्षकाने ताबा घ्यायला उशीर का केला, त्या विद्यार्थ्याला आडव्या वाऱ्याचा सराव किती दिला होता, पावसामुळे आठवडाभर अडकलेली उड्डाणे एका सकाळी उरकण्याची घाई होती का, भरमसाट शुल्क आणि तासांचा हिशेब यांच्या दडपणाखाली तो वर जायला कचरला का, हे प्रश्न विचारणारा अहवाल मला उपयोगी वाटतो. गो-अराउंड करणाऱ्या विद्यार्थ्याची मित्रांत टिंगल होत असेल, तर अपघाताच्या कारणांत तिचीही नोंद व्हायला हवी.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी होन्निहाळजवळ एक शिकाऊ विमान शेतात उतरले होते. पुन्हा असे काही आमच्या रानात घडले, तर आम्ही काय करावे आणि काय करू नये?
(एक वाचक, बाळेकुंद्री)

उत्तर : आपण म्हणता ती घटना ३० मे २०२३ची. तांत्रिक बिघाडामुळे सांबऱ्याहून उडालेले ते विमान होन्निहाळच्या शिवारात उतरवावे लागले आणि आतील दोघेही बचावले. तेव्हा तिची गणना या लेखातल्या अपघातांत करू नये. उलट इंजिनाची साथ सुटल्यावर मोकळे रान निवडून तेथे उतरणे, हा प्रशिक्षणातलाच भाग आहे. मे महिन्यात जमीन कोरडी असते, हेही नशीब. पावसाळ्यात काळ्या मातीत पुढचे चाक रुतून विमान पालथे होण्याचा संभव असतो.

असे घडल्यास सर्वप्रथम ११२ क्रमांकावर कळवावे आणि जागा सांगताना गावाबरोबर रस्ता किंवा जवळची ठळक खूण सांगावी. विमानाजवळ मागच्या किंवा बाजूच्या दिशेने जावे, पुढून कधीही जाऊ नये. प्रॉपेलर थांबलेला असला तरी त्याला हात लावू नये, कारण इंजिनाची ठिणगी देणारी मॅग्नेटो नावाची यंत्रणा चालू राहिली असेल, तर पाते हाताने फिरताच इंजिन अचानक सुरू होऊ शकते. पंखांत पेट्रोलच्या जातीचे इंधन असते आणि ते गळत असेल, तर विडी, सिगारेट किंवा चालू मोटारसायकल जवळ आणू नये. काही नव्या विमानांत संपूर्ण विमानासाठी पॅराशूट बसवलेले असते आणि ते बाहेर फेकण्यासाठी छोटे रॉकेट असते. तशी इशाऱ्याची पट्टी विमानावर दिसली, तर त्या भागापासून लांब राहावे.

आतल्या माणसांना आगीचा धोका असेल तरच ओढून काढावे. धोका नसेल आणि ते पाठ किंवा मान दुखत असल्याचे सांगत असतील, तर रुग्णवाहिका येईपर्यंत हलवू नये, फक्त त्यांच्याशी बोलत राहावे. माणसे वाचवणे आणि आग विझवणे यांसाठी जेवढे आवश्यक आहे, त्यापलीकडे विमानाचा कोणताही भाग हलवणे नियमाने मना आहे. इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा थ्रॉटल किती पुढे होता, फ्लॅपचा खटका कोणत्या खाचेत होता, इंधनाची तोटी चालू होती की बंद, यांवरून तपास उभा राहतो. कोणी ‘बघू तरी’ म्हणून ते हलवले, तर पुढे वैमानिकाची चूक होती की नव्हती, हे सांगणे अवघड होते. गर्दीला दोरी बांधून लांब ठेवता आले तर उत्तम. आपण स्वतः विमान येताना पाहिले असेल, तर ते कोणत्या बाजूने आले, इंजिनाचा आवाज होता की नव्हता, एखादा पंख खाली कलला होता का, वारा कोणीकडून होता आणि साधारण किती वाजले होते, एवढे त्याच दिवशी, चार जणांशी चर्चा करण्याआधी कागदावर लिहून ठेवावे आणि तपासाला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती द्यावे.